चकल्याशिवाय राज्य नाही

मोठी माणसं लहानपणीचे खेळ पुन्हा खेळायला जमली की आधी गुडघ्यांची चर्चा होते. आमच्यातही झाली. पण अडलं दुसरीकडेच. राज्य कुणावर हे ठरवायची वेळ आली आणि आम्ही सगळे एकदम म्हणालो, “असू दे, मी घेते.” “छे छे, तुम्ही खेळा, मी घेतो ना.” कुणीच मागे हटेना. पाच मिनिटं नुसता आग्रहच चालला होता. आमची मुलं आणि त्यांचे सवंगडी मैदानाच्या कडेला बसून हे बघत होते. त्यातली आठेक वर्षांची, दोन वेण्या घातलेली एक मुलगी उठून पुढे आली आणि म्हणाली, “असं नसतं. चकावं लागतं.”

मग तिने आम्हाला चकायला लावलं. तिघातिघांनी हात झुलवायचे, एकदम पालथे नाहीतर उताणे टाकायचे, वेगळा पडेल तो सुटला. शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. मी उरले. एवढ्या वर्षांनी राज्य अंगावर आल्यावर पोटात जो खड्डा पडला, तो अगदी ओळखीचा होता. मी आपण होऊन घेतलं असतं तर तो पडला नसता. आपण होऊन घेतलेलं राज्य हा उपकार असतो आणि उपकार करणाऱ्याच्या हातून कुणी जीव तोडून पळत नाही. चकून आलेलं राज्य कुणाच्या मेहरबानीचं नसतं. त्या मुलीला हे असं मांडता आलं नसतं, पण तिचा आग्रह त्यासाठीच होता असं मला आता वाटतं.

आमचा गट काही ठरवून झालेला नाही. सकाळी फिरायला येणारी माणसं, वयं पस्तिशीपासून साठीपर्यंत. फिरून कंटाळा आला होता, कुणीतरी लगोरीचा विषय काढला, कुणीतरी चपट्या ठिकऱ्या गोळा करून आणल्या आणि सुरुवात झाली. रविवारची सकाळ ठरली कारण मुलांना सुट्टी असायची. मुलं येणार हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. ती आमच्याबरोबर आली आणि बघता बघता कारभार त्यांच्याकडे गेला.

पहिल्या सकाळी खेळ कमी आणि वाद जास्त झाला. लगोरी आम्हा सगळ्यांना येत होती, पण प्रत्येकाची वेगळी. फोडायला चेंडू तीनदा मारायचा यावर एकमत होतं. पुढे सगळा घोळ. ठिकऱ्या न पडता चेंडूचा एक टप्पा पडून झेल गेला तर मारणारा बाद की फक्त टप्पा न पडता गेला तर? कमरेच्या वर चेंडू लागला तर धरायचा का? चेंडू हातात घेऊन पळता येतं की जागेवरूनच मारायचा? एक गृहस्थ तर म्हणाले, “आमच्याकडे असंच होतं, आणि तेच बरोबर.” ते फार मनापासून म्हणत होते. मलाही माझ्या आळीतले नियम तितकेच खरे वाटत होते.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांमधली न्यायबुद्धी कशी वाढते याचा शोध घेताना आधी धरला तो गोट्यांचा खेळ. १९३२ साली त्याचं हे काम प्रसिद्ध झालं. तो मुलांजवळ जाऊन म्हणायचा, मी लहानपणी खूप खेळायचो, आता विसरलो, मला शिकवा. मग हळूच विचारायचा, हा नियम बदलला तर चालेल का? लहानगी मुलं म्हणायची, छे, नियम मोठ्यांनी करून ठेवलेत, ते बदलत नसतात. दहा-बारा वर्षांची मुलं मात्र म्हणायची, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू. आमच्या मैदानावर चित्र नेमकं उलटं होतं. पन्नाशीची माणसं आपापला नियम देवाने दिल्यासारखा धरून बसली होती आणि अकरा-बारा वर्षांचा एक उंच मुलगा शांतपणे सांगत होता, “आधी एक डाव खेळा. अडलं की थांबू, तिथे ठरवू. ठरलं की आजच्या दिवस तेच.” हे ‘आजच्या दिवस’ फार कामाचं निघालं. कायमचं ठरवायचं नाही म्हटल्यावर हरायला कुणालाच जड जात नाही.

शरीराचं म्हणाल, तर त्यात कसूर करून चालत नाही, हे सगळ्यांनी ऐकून ठेवावं. सगळ्यात धोका असतो तो पहिल्या जोरकस धावेत. चेंडू येताना दिसतो, मन दहा वर्षांचं होतं आणि अंग न तापलेलं असतं. पोटरीचा स्नायू आणि टाचेच्या वरची शीर यांच्यावर तो ताण एकदम येतो. आमच्यातल्या एकाची पोटरी अशीच धरली आणि त्यांना बरेच रविवार बाहेर बसावं लागलं. तेव्हापासून आधी दहा मिनिटं चालणं, मग सावकाश पळणं, मग टाचा उचलणं, आणि त्यानंतरच खेळ. लंगडी आम्ही बरीच उशिरा सुरू केली, तीही मातीवर, फरशीवर कधीच नाही. २०२२ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ माणसांची एक पाहणी आली होती. त्यांना आधाराशिवाय दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं, तर साधारण पाचातल्या एकाला ते जमलं नाही. आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत दगावण्याचं प्रमाण जास्त दिसलं. लंगडी घातल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. पण तोल ही सांभाळायची गोष्ट आहे आणि ती आपण कधी सोडून दिली हे आपल्याला कळलेलंही नसतं, हे मला एका पायावर उभी राहिल्यावर जाणवलं. डाव्या पायावर मी स्थिर होते, उजव्यावर सारखा हात हवेत जात होता. लहानपणी दोन्ही पाय सारखेच होते.

हळूहळू मुलं खेळात आली. आधी पंच म्हणून, मग भिडू कमी पडले म्हणून. खो-खोला तर फारच कमी पडायचे. नियमाप्रमाणे आठ जण ओळीत बसतात आणि नववा पाठलाग करतो. आम्ही पाच बसवायचो, त्यातले दोन मुलं. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही चषक जिंकले, तेव्हापासून मुलांना या खेळाचं अप्रूप आहे. खो देताना पाठीला हात लागला पाहिजे आणि ‘खो’ मोठ्याने आला पाहिजे, यात ती तसूभर सूट देत नाहीत.

इथेच मला आमच्यातला फरक दिसायला लागला. मोठी माणसं एकमेकांना सूट देतात. चेंडू निसटता लागला तर मारणाराच म्हणतो, “नाही नाही, लागला नाही, खेळा तुम्ही.” ज्याला लागला तो म्हणतो, “लागला बहुतेक, जातो मी.” दोघेही खरं बोलत नसतात, दोघेही चांगलंच वागत असतात आणि खेळ मात्र मरून जातो. मुलं म्हणतात, “लागला. आउट.” ज्याला लागला तो ओरडतो, “नाही लागला.” मग दोघे एकमेकांच्या अंगावर येतात, तिसरा साक्ष देतो आणि दोन मिनिटांत निकाल लागून डाव पुढे जातो. बाहेरून बघणाऱ्याला हे भांडण वाटतं. मला ते आता खेळाचंच एक अंग वाटतं. खरं काय झालं हे दोघांनाही हवं असतं, म्हणून तर आवाज चढतो.

एकदा मी त्या दोन वेण्यांच्या मुलीच्या मागे होते. साखळीची पकडापकडी चालली होती, मी साखळीच्या टोकाला, ती माझ्यापासून हातभर. मला ती सहज मिळत होती. मी जरा पाऊल आखडलं, ती सुटली. ती सुटली आणि तिथेच थांबली. मागे वळून, धापा टाकत, कपाळावरचे केस मनगटाने मागे सारत म्हणाली, “काकू, तुम्ही मुद्दाम हळू झालात.”

मी म्हटलं, “अगं, तू जोरात पळालीस.”

“नाही. तुमचा पाय थांबला, मी बघितला. असं नका करू. मला मग कळतच नाही मी किती जोरात पळते ते.”

हे बोलताना ती रागावलेली नव्हती. मला काहीतरी समजावून सांगायचं आहे अशा चेहऱ्याने ती बोलत होती. तिने हात पुढे केला, माझा हात धरला आणि साखळीत येऊन उभी राहिली. सुटलेली असताना. बाकीच्या मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी तिला साखळीत धरलं आणि सगळी पळायला लागली.

मुलांना जिंकू द्यावं, त्यांना बरं वाटतं, असं मी वर्षानुवर्षं करत आले होते, घरातल्या पत्त्यांपासून. त्यांना बरं वाटत असेलही, अगदी लहान असताना. पण ठरावीक वयानंतर मुलाला स्वतःचा अंदाज हवा असतो आणि तो अंदाज फक्त खऱ्या प्रतिस्पर्ध्याकडून मिळतो. तेव्हापासून मी त्यांच्यामागे पूर्ण जोर लावून पळते. बहुतेक वेळा ती हाताला लागत नाहीत. लागतात तेव्हा त्यांचा चेहरा पडतो आणि तो मी पडू देते.

याच मुलीने आमच्या हसण्यालाही हरकत घेतली होती. बाद झालं की मोठी माणसं हसतात. तिने विचारलं, “तुम्ही आउट झाल्यावर हसता का? तुम्हाला वाईट नाही वाटत?” कुणीतरी म्हणालं, “खेळच तर आहे बाळा.” यावर ती काही बोलली नाही, पण तिला ते पटलं नव्हतं. पीटर ब्रॉयगेल या चित्रकाराचं १५६० सालचं एक चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. गावाच्या चौकात दोनशेच्या वर मुलं खेळताहेत, ऐंशीच्या आसपास वेगवेगळे खेळ. हाडांचे सागरगोटे आहेत, आंधळी कोशिंबीर आहे, एकमेकांच्या पाठीवरून उड्या आहेत. मी त्याची छापील प्रत बराच वेळ बघत बसले होते, ती त्या चेहऱ्यांसाठी. हसणारं जवळजवळ कुणी सापडत नाही. सगळी आपापल्या कामात गढलेली. ‘खेळच तर आहे’ असं त्यातल्या एकालाही वाटत नसावं.

मुलांच्या स्पष्टपणाचं मी कौतुक करते आहे म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. तो नेहमी चांगला नसतो. आमच्याकडे एक अंगाने भरलेला मुलगा येतो. भिडू निवडताना एकाने मोठ्याने म्हटलं, “हा जाड्या नको.” मी ताडकन पुढे गेले. पण माझ्याआधी तो उंच मुलगा बोलला, “जाड्या नाही म्हणायचं. त्याला पळता येत नाही असं म्हण. आणि त्याचा नेम तुझ्यापेक्षा चांगला आहे.” आणि त्याने त्या मुलाला आपल्याकडे घेतलं, लगोरी फोडायला. मी जे म्हणणार होते, म्हणजे ‘सगळे सारखेच, असं बोलू नये’ वगैरे, ते यापुढे फार फिकं होतं. सगळे सारखे नाहीत हे त्या मुलाला माहीत होतं. त्याला हवं होतं ते एवढंच की न जमणारी गोष्ट सांगताना जमणारीही सांगावी आणि माणसाला नावं ठेवू नयेत. मुलांना हे नेहमी साधत नाही. एखाद्याला रडवून घरी पाठवलेलंही मी पाहिलं आहे, तेव्हा मोठ्या माणसाने मध्ये पडलंच पाहिजे. पण साधतं तेव्हा ते आमच्यापेक्षा नीट साधतं.

आणि त्यांच्याकडे लिंबूटिंबू असतो. यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण इतकी चांगली सोय मोठ्यांच्या जगात मी कुठे पाहिली नाही. कुणाचा तरी चार वर्षांचा भाऊ मागे लागून आलेला असतो. त्याला सगळ्यांदेखत सांगितलं जातं, तू लिंबूटिंबू. म्हणजे तू खेळायचंस, पळायचंस, लपायचंस, पण तुझ्यावर राज्य येणार नाही. लपवाछपवी नाही. त्याला माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. तरीही तो आत आहे, खेळातच आहे, आणि एक दिवस तो स्वतःच येऊन सांगतो की आजपासून मी खरा. त्या दिवशी त्याला चकायला घेतात. आम्ही काय करतो? ज्याला जमत नाही त्याला एकतर हळूच बोलावणंच बंद करतो, नाहीतर जमतंय असं सगळे मिळून भासवतो. दोन्हींत तो माणूस एकटा पडतो.

पोटरी धरलेले ते गृहस्थ बरे होऊन परत आले तेव्हा त्यांना पूर्ण ताकदीने पळायची परवानगी नव्हती. नोकरीत मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस, सगळे त्यांच्याशी अदबीने बोलतात. आम्ही म्हटलं, तुम्ही खेळा, आम्ही बघून घेऊ. ते म्हणाले, “नको. मला लिंबूटिंबू ठेवा. पण सगळ्यांना सांगून ठेवा.” मुलांनी एका क्षणात मान्य केलं. उंच मुलाने विचारलं, “किती दिवस?” ते म्हणाले, “डॉक्टर सांगतील तोवर.” “बरं.” एवढंच. मला असं मागता आलं असतं का, याचा विचार मी बरेच दिवस करत होते.

एक भांडणही झालं, मोठ्यांतलं. लगोरीत एकाच्या पाठीला चेंडू लागला, मुलांनी आउट दिलं, त्यांनी मानलं नाही. वाद वाढला, एका मुलाने तोंडावर म्हटलं, “काका, हा रडीचा डाव झाला.” ते मैदान सोडून निघून गेले. मुलांनी दुसरा डाव मांडला. आम्ही मात्र फोनाफोनी करत राहिलो. कुणी म्हणे, मुलांनी माफी मागायला हवी. कुणी म्हणे, त्यांनी. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्या मुलाने मला विचारलं, “ते आजारी आहेत का?” मी म्हटलं, “नाही रे, त्यांना राग आलाय.” “अजून?” त्याला ते खरंच समजत नव्हतं. आदल्या दिवशी ज्याच्याशी कट्टी घेतली होती त्याच्या खांद्यावर हात टाकून तो हे विचारत होता.

काही आठवड्यांनी ते आले. आम्ही सगळे जरा जास्तच गोड बोलायला लागलो, झालं गेलं विसरून गेल्यासारखं. तो मुलगा सरळ त्यांच्यासमोर गेला आणि म्हणाला, “काका, तुम्ही त्या दिवशी आउटच होतात.” आम्ही श्वास रोखून उभे. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हो. लागला होता.” मुलगा म्हणाला, “चला, चका.” विषय तिथे संपला. आमच्या गोड बोलण्याने तो कधीच संपला नसता. तो प्रत्येकाच्या मनात राहिला असता आणि दर रविवारी चेंडू त्यांच्या दिशेने जरा हळूच गेला असता.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारनाम्यात ३१व्या कलमात मुलांचा खेळण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो मुलांसाठी आहे आणि तसाच असावा. पुष्कळ मुलांच्या वाट्याला अजून मोकळी जागा येत नाही. मी त्यात मोठ्यांसाठी काही मागत नाही. पण मुलं खेळतात त्या जागेत मोठ्या माणसाला शिरायचं असेल तर मालक म्हणून शिरू नये एवढं मला वाटतं. काही पालक कडेला उभे राहून सूचना देतात, असं पळ, तसं पकड. आमच्या मुलांनी त्यावर नियम केला आहे: ज्याला बोलायचं आहे त्याने खेळायला यायचं. हा नियम मोडू द्यायचा नाही म्हणून मी स्वतः लक्ष ठेवते.

सध्या आट्यापाट्या आखायचं चाललं आहे. नऊ पाट्या, म्हणजे अडवणाऱ्यांनी सांभाळायच्या आडव्या पट्ट्या, आणि मधून उभी जाणारी सुराची पाटी, एवढी जागा आमच्याकडे नाही, म्हणून पाच पाट्या आखायचं ठरलं. फक्कीची आखणी मुलांनीच केली, दोरी ताणून, पावलं मोजून. मतभेद आहे तो गटांवर. मोठ्यांना वाटतं दोन्ही गटांत लहान-मोठे मिसळून असावेत. मुलांना हवंय लहान विरुद्ध मोठे. आम्ही विचारलं, का रे, हराल ना तुम्ही. उंच मुलगा म्हणाला, “हरू. पण मिसळलं की तुम्ही आमच्याकडेच बघत बसता, पाटी सोडता.” येत्या रविवारी हात वर करून मत घ्यायचं ठरलं आहे. मी मुलांच्या बाजूने हात वर करणार आहे आणि मग त्यांच्याविरुद्ध पाटी अडवायला उभी राहणार आहे.